दुखवट्याची तीन पत्रं

मराठी पत्राचा मायना ही तशी साधी गोष्ट. पण त्यात एक क्रूरपणा दडलेला असायचा. नवरा हयात असेपर्यंत बाईच्या नावामागे 'सौ.' लागायचं. जुन्या पत्रांत तर 'वज्रचुडेमंडित' असं भारदस्त विशेषणही सापडतं. जिच्या हातातला चुडा वज्रासारखा अभंग आहे ती. आणि नवरा गेला की त्यानंतरच्या पहिल्याच पत्रावर 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. शब्द किती पवित्र! लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असायचा. पण ज्या बाईच्या हातात ते पत्र पडायचं, तिला आतला मजकूर वाचायच्या आधी पाकिटावरूनच कळायचं की आता आपण कोण झालो आहोत.

आतला मजकूरही ठरलेला. 'ईश्वरेच्छा बलीयसी', 'मृतात्म्यास सद्गती लाभो', 'हे दुःख सोसण्याचे बळ परमेश्वर आपणांस देवो'. वर 'श्री' नाही. मृत्यूची बातमी देणारं कार्ड तर वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणूनच की काय, जुन्या ट्रंकेत लग्नपत्रिकांचे गठ्ठे सापडतात, बारशाची निमंत्रणं सापडतात, पण दुखवट्याची पत्रं क्वचितच हाती लागतात. आमच्या घरी अशी पत्रं लिहायचं काम आजोबांकडे असायचं. एरवी दोन मिनिटांत कार्ड खरडणारा माणूस या कार्डाला अर्धी दुपार घालवायचा आणि शेवटी तीच तीन वाक्यं लिहायचा.

ती तीन वाक्यं खोटी नव्हती. पण ती पोचायची का? देवाचं नाव घेऊन केलेलं सांत्वन नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईपर्यंत कधी पोचतं आणि कधी नुसतं तिच्या दारावरून परत जातं? हा प्रश्न डोक्यात घेऊन इतिहासात शोधायला लागलो, तेव्हा तीन पत्रं सापडली जी फाडली गेली नाहीत (किंवा फाडली गेली तरी त्यांची नक्कल उरली). तिन्ही परधर्मातली, परमुलखातली. पण वाचताना सारखा आपलाच मायना आठवत राहिला.

*

पहिलं पत्र फार जुनं आहे. इ. स. ३८० च्या आसपासचं. गाव अँटिओक, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. तेव्हा ते रोमन साम्राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. लिहिणारा जॉन क्रिसोस्टम. 'क्रिसोस्टम' हे त्याचं नाव नव्हे, लोकांनी मागाहून दिलेली पदवी आहे. अर्थ 'सोन्याच्या मुखाचा'. पुढे ३९८ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू झाला, राजदरबाराशी भांडला आणि हद्दपारीत ४०७ मध्ये मेला. पण या पत्राच्या वेळी तो तिशीतला तरुण होता.

पत्र एका तरुण विधवेला आहे. तिच्या नवऱ्याचं नाव थेरेसियस. पाच वर्षांचा संसार. माणूस वरच्या पदावर चढत होता आणि अचानक गेला. गंमत (की शोकांतिका) अशी, की पत्रात नवऱ्याचं नाव आहे, पण जिला पत्र लिहिलंय तिचं नाव इतिहासात उरलेलं नाही. सोळाशे वर्षं ती नुसती 'तरुण विधवा' आहे.

सुरुवात फार शहाणपणाची आहे. क्रिसोस्टम म्हणतो, मी लगेच लिहिलं नाही. वादळ भर जोरात असताना नावाड्याला उपदेश करून उपयोग नसतो. थोडं ओसरू दिलं, तू स्वतः दोन शब्द ऐकायच्या स्थितीत आलीस असं कळलं, तेव्हा लेखणी उचलली. दुखवट्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी गीतेचा दुसरा अध्याय सुरू करणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्यावा असं मला फार वाटलं.

पुढे तो धर्माचा आधार देतो. तुझा नवरा संपलेला नाही, पुढे गेलाय, तुमची भेट व्हायची आहे. एक दाखला तर अगदी घरगुती आहे. समज, कुणी वचन दिलं असतं की तुझ्या नवऱ्याला सगळ्या पृथ्वीचा राजा करतो, पण त्यासाठी वीस वर्षं त्याच्यापासून दूर राहावं लागेल, तर तू राहिली नसतीस का? मग हा विरह तसाच समज. (परदेशी नोकरीवर गेलेल्या नवऱ्यांच्या बायका हे वाचून काय म्हणतील कोण जाणे.) आणि तो मोठा अधिकारी होणार होता, ते सुख हुकलं म्हणून रडू नकोस. आपल्या हयातीत नऊ बादशहा झाले, त्यातले फक्त दोघे नैसर्गिक मरणाने गेले. त्यांच्या बायकांचे हाल बघ. हे पत्र लिहिलं तेव्हा ३७८ मधली अ‍ॅड्रियानोपलची लढाई ताजी होती. सम्राट व्हॅलेन्स गॉथ लोकांशी लढताना तिथे मेला होता, त्यामुळे दाखला वाऱ्यावरचा नव्हता.

आणि मग ते वाक्य येतं ज्यासाठी मी या पत्राकडे वळलो. तो म्हणतो, 'विधवा' हे दुर्दैवाचं नाव नाही, ती मानाची पदवी आहे. सांगतो, माझे एक गुरू होते, मूर्तिपूजक. (हे म्हणजे प्रसिद्ध वक्ता लिबेनियस, असं अभ्यासक मानतात.) त्यांनी एकदा माझ्या आईचं वय विचारलं. मी सांगितलं, चाळीस वर्षांची आहे आणि वीस वर्षं विधवा आहे. गुरू थक्क होऊन भोवतालच्या लोकांना म्हणाले, या ख्रिस्ती लोकांत काय एकेक बायका आहेत!

म्हणजे लिहिणारा स्वतः विधवेचा मुलगा होता. आईचं नाव अँथुसा. विसाव्या वर्षी विधवा झाली, पुन्हा लग्न केलं नाही, एकटीने मुलाला वाढवलं. आणि याच क्रिसोस्टमने दुसऱ्या एका पुस्तकात आईविषयी जे लिहून ठेवलंय ते इथे शेजारी ठेवून बघावं. तरुणपणी तो घर सोडून वैरागी व्हायला निघाला. तेव्हा आईने त्याचा हात धरून, ज्या खाटेवर त्याला जन्म दिला तिच्यावर शेजारी बसवून घेतलं, आणि रडत विनवलं की मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस, मी मरेपर्यंत तरी थांब. नोकरचाकर ऐकत नसत, नातेवाईक कारस्थानं करत, करवसुली करणारे दारात उभे राहत, हे सगळं तिने त्या दिवशी बोलून दाखवलं.

घरात आईच्या तोंडी वैधव्य म्हणजे इतकी वर्षं दाबून ठेवलेला आक्रोश होता. पत्रात तेच वैधव्य मानाची पदवी झालं. क्रिसोस्टम खोटं बोलत होता असं मला मुळीच वाटत नाही. आईबद्दलचा अभिमान खराच होता. पण त्या पत्राला तरुण विधवेकडून काहीतरी हवं होतं. तिने पुन्हा लग्न करू नये, हे हवं होतं. ख्रिस्ती धर्मात विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती, बंदी नव्हती. म्हणून तर पदवीचं आमिष दाखवावं लागत होतं. आपल्याकडे उच्चवर्णीयांत तीही मुभा नव्हती. १८५६ मध्ये कायदा झाला, तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांना वाळीत टाकण्यात आलं. वर आपल्याकडच्या सांत्वनात पूर्वजन्मीच्या पापाचा हिशोबही असायचा. नवरा मेला, तोही बाईच्याच कुठल्या तरी जन्मीच्या दोषाने. ते पाहिलं की क्रिसोस्टम पुष्कळच दयाळू वाटतो. त्याने बाईला दोष दिला नाही, मान दिला. पण 'गंगाभागीरथी' हाही मानच होता ना? मान स्वीकारला की तो आयुष्यभर सांभाळत बसावा लागतो.

तिने काय उत्तर दिलं, पुढे लग्न केलं का, ही दुसरी बाजू उरलीच नाही.

*

आता मध्ये जवळजवळ पंधराशे वर्षं ओलांडून अमेरिकेत जाऊ. साल १८६४, यादवी युद्धाचं चौथं वर्ष. गाव बॉस्टन.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) पाहिलेल्यांना हे पत्र आठवेल. सेनाधिकारी एक जुनं पत्र वाचतो, आणि मग एका आईचा उरलेला एकमेव मुलगा परत आणायचा हुकूम सुटतो. ते पत्र अब्राहम लिंकनच्या सहीचं, २१ नोव्हेंबर १८६४ चं, लिडिया बिक्सबी नावाच्या बॉस्टनमधल्या विधवेला लिहिलेलं. तिचे पाच मुलगे रणांगणावर मारले गेले, असं मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कचेरीतून वॉशिंग्टनला कळवण्यात आलं होतं. गव्हर्नरने विनंती केली की राष्ट्राध्यक्षांनी या बाईला दोन ओळी लिहाव्यात.

पत्र जेमतेम चार वाक्यांचं आहे. एवढ्या मोठ्या दुःखापुढे माझे शब्द किती दुबळे आहेत, याची कबुली आधी. मग, ज्या प्रजासत्ताकासाठी ते मेले त्याची कृतज्ञता. मग स्वर्गातल्या पित्याला प्रार्थना, की त्याने दुःखाची धार बोथट करावी आणि फक्त गेलेल्यांची प्रेमळ आठवण शिल्लक ठेवावी. आणि शेवटी, स्वातंत्र्याच्या वेदीवर एवढं मोठं बलिदान दिल्याचा गंभीर अभिमान तुम्हाला वाटत असेल, असं. इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून त्या पत्राचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्याला दहा वर्षं झाली, त्या स्मरणसमारंभात जॉर्ज बुश यांनी हेच पत्र वाचून दाखवलं.

पण इतिहासकारांनी खोदकाम केलं तेव्हा काय निघालं? पाचांपैकी दोघेच लढाईत मारले गेले होते. एक फ्रेडरिक्सबर्गला, एक पीटर्सबर्गला. बाकीच्या तिघांपैकी एक सुखरूप घरी परतला, एक पळून गेला, आणि एक शत्रूच्या कैदेत पडला. दोन मुलगे जाणं हे काय कमी आहे? पण पत्राला पाच हवे होते. पत्र २५ नोव्हेंबरला बाईंच्या हातात पडलं आणि त्याच दिवशी बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं. म्हणजे एका विधवेला लिहिलेलं पत्र तिच्याबरोबरच सगळ्या शहराने वाचलं. मूळ कागद आज कुठेच नाही. तिच्या वंशजांत अशी आठवण सांगत आले की बाईला लिंकनबद्दल राग होता आणि तिने ते पत्र नष्ट करून टाकलं.

आणखी एक. पत्र लिंकननेच लिहिलं का, हाही जुना वाद आहे. त्याचा तरुण चिटणीस जॉन हे याने ते लिहिलं असावं असं अनेकांना वाटत आलंय. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या काही भाषाशास्त्रज्ञांनी संगणकावर शब्दांच्या आणि अक्षरांच्या जोड्या तपासल्या आणि कौल हे याच्या बाजूने दिला.

मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. याच लिंकनचं आणखी एक पत्र आहे, २३ डिसेंबर १८६२ चं. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन गावचा त्याचा जुना मित्र विल्यम मॅकलॉ लढाईत पडला होता. त्याची मुलगी फॅनी खोलीत कोंडून घेऊन बसली होती, जेवत नव्हती, झोपत नव्हती. लिंकनने तिला लिहिलं. त्यात ना प्रजासत्ताक, ना बलिदान, देवाचाही आधार घेतलेला नाही. एवढंच म्हटलंय की काळ गेल्याशिवाय पुरता आराम पडत नाही. पुन्हा कधी बरं वाटेल यावर तुझा आत्ता विश्वास बसणार नाही, पण तसं होतं, तू पुन्हा सुखी होशील. मी स्वतः इतकं भोगलंय की हे मला ठाऊक आहे. हे लिहिणाऱ्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्ये तापाने गेला होता. पण त्याचा पत्रात उल्लेख नाही. नुसतं 'मला ठाऊक आहे'.

हे पत्र विधवेला नाही, मुलीला आहे, म्हणून माझ्या तिनांत बसत नाही. पण बिक्सबीबाईंच्या पत्राशेजारी ते ठेवलं की फरक कळतो. एका पत्राला देशासाठी एक वीरमाता हवी होती. दुसऱ्याला एवढंच हवं होतं, की मुलीने दार उघडून दोन घास खावेत.

*

बिक्सबीबाईंना पत्र गेलं नोव्हेंबरमध्ये. पाच महिन्यांनी, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकनला गोळी लागली. शेजारी बायको बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मेरी लिंकन आता विधवा होती.

अटलांटिकखालची तार तेव्हा चालू नव्हती (ती कायमची सुरू झाली १८६६ मध्ये), म्हणून बातमी बोटीने लंडनला पोचायला २६ एप्रिल उजाडला. तीन दिवसांनी, २९ एप्रिलला, ऑझ्बर्नच्या राजवाड्यातून व्हिक्टोरिया राणीने मेरी लिंकनला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं.

व्हिक्टोरियाच्या घरातला प्रसंग आधी सांगायला हवा. १४ डिसेंबर १८६१ ला तिचा नवरा अल्बर्ट विंडसरच्या राजवाड्यात गेला. दोघेही बेचाळीस वर्षांचे. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. जाण्याआधी दोन आठवडे त्याने आजारी अंगाने एक शेवटचं सरकारी काम केलं होतं. 'ट्रेंट' नावाच्या ब्रिटिश बोटीवरून अमेरिकन आरमाराने दोन माणसं पकडून नेली होती आणि इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटायच्या बेतात होतं. अमेरिकेला पाठवायच्या खलित्याची भाषा अल्बर्टने मऊ केली, लिंकन सरकारला मान न गमावता मागे हटायला वाट ठेवली. युद्ध टळलं. तेव्हा या दोन घरांचा संबंध असा आधीच जुळलेला होता.

अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया कोसळली ती कोसळलीच. त्याच्या खोलीत रोज गरम पाणी ठेवलं जाई, कपडे काढून ठेवले जात. ती काळ्या कपड्यांत राहिली, काळ्या काठाच्या कागदावर लिहीत राहिली, १९०१ मध्ये मरेपर्यंत. सांत्वनाला धर्मगुरूंची कमी नव्हती. इंग्लंडच्या चर्चची तर ती प्रमुखच. पण १८६२ च्या मे महिन्यात बालमोरलला स्कॉटलंडचे एक धर्मोपदेशक, नॉर्मन मॅक्लाउड, भेटायला आले. त्यांनी तिला एका म्हातारीची गोष्ट सांगितली. म्हातारीचा नवरा गेला होता, मागोमाग मुलंही गेली. हे सगळं कसं सोसलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, तो गेला तेव्हा काळजाला एवढं मोठं भोक पडलं की बाकीची दुःखं त्यातून सहज आरपार निघून जातात. राणीने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. इतक्या प्रवचनांतून तिच्या मनात काय रुतलं, तर एका गरीब विधवेचं बोलणं.

मेरी लिंकनला लिहिलेलं पत्रही असंच आहे. तीनच वाक्यं. आपली ओळख नाही, पण अशा वेळी मला गप्प राहवत नाही. माझा नवरा हाच माझ्या आयुष्याचा उजेड होता, आधार होता, सर्वस्व होतं. त्याच्या जाण्याने मी स्वतः पुरती मोडून गेले आहे, म्हणून तुमच्यावर काय गुदरलं असेल ते माझ्याइतकं कुणाला समजणार. आणि इतक्या खोल घाव बसलेल्यांना ज्या एकाकडेच बघता येतं, त्याने तुम्हाला या घटकेला आधार द्यावा, अशी मी मनापासून प्रार्थना करते. खाली सही: तुमची स्नेही, व्हिक्टोरिया.

देव इथेही आहे. आजोबांच्या कार्डावरचं तिसरं वाक्य आणि राणीचं शेवटचं वाक्य यांत अर्थाचा काहीच फरक नाही. फरक एवढाच, की राणी आधी सांगते, मीही मोडले आहे. आणि 'मोडले होते' नाही म्हणत, 'मोडले आहे' म्हणते. साडेतीन वर्षं होऊन गेली होती. धर्माने मला बरं केलं, आता तुलाही करील, असा दावा नाही. मानाची पदवी नाही, अभिमान बाळग नाही, देशासाठी धीर धर नाही. समोरच्या बाईकडून काही म्हणजे काही मागितलेलं नाही.

यात राजकारण नव्हतं असं मी म्हणत नाही. यादवी युद्धात इंग्लंडच्या वरच्या वर्गाची सहानुभूती दक्षिणेकडे होती, दक्षिणेसाठी 'अलाबामा' ही युद्धनौका इंग्लंडातच बांधली गेली होती, आणि अमेरिकन लोक त्यावर चिडलेले होते. राणीच्या पत्राने चार लोकांचा राग निवळला तर ते सरकारला हवंच होतं. पण कागदावर ते उतरलेलं नाही.

मेरीने २१ मे ला उत्तर लिहिलं, व्हाइट हाउस सोडण्याच्या अगदी तोंडावर. पाच आठवडे ती तिथल्या एका खोलीतून बाहेर पडली नव्हती, नवऱ्याच्या अंत्यविधीलाही गेली नव्हती. उत्तर छोटं आहे. तुमचे सहानुभूतीचे शब्द अशा हृदयातून आलेत ज्याला स्वतःच्या दुःखामुळे माझं दुःख कळू शकतं, असं त्यात म्हटलंय. पहिल्या पत्राचं उत्तर उरलं नाही, दुसरं पत्र कदाचित फाडलं गेलं. तिसऱ्याला उत्तर आलं, आणि नेमक्या जागी बोट ठेवून आलं. ते पोचलं होतं.

*

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पोचलेलं पत्रसुद्धा किती पुरतं, तेही बघायला हवं.

मेरीचे दोन मुलगे आधीच गेले होते. १८७१ मध्ये टॅडही गेला. नवऱ्याची मालमत्ता ताब्यात यायला वेळ लागला, देणी डोक्यावर होती, स्वतःचे कपडे विकायला काढायची वेळ आली. राष्ट्राध्यक्षाच्या विधवेला पेन्शन द्यावं की नाही यावर सिनेटमध्ये तिच्या वागण्याची उणीदुणी काढत चर्चा झाली, आणि १८७० मध्ये एकदाचे वर्षाला ३,००० डॉलर मंजूर झाले. ती मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या बैठकांना जायची. मागे लिंकनची धूसर आकृती दिसते असा तिचा एक फोटोही आहे. तो काढणाऱ्यावर आधीच फसवणुकीचा खटला होऊन गेला होता. १८७५ मध्ये उरलेल्या एकुलत्या मुलाने, रॉबर्टने, कोर्टात जाऊन तिला वेडी ठरवून घेतलं. काही महिने ती मनोरुग्णांच्या खासगी आश्रमात होती. १८८२ मध्ये, बहिणीच्या घरी, ती गेली.

दोघी एकाच दुःखाच्या. एकीने मेलेल्या नवऱ्याच्या खोलीत रोज पाणी ठेवलं, आणि तिच्या नोकरांनी ते मुकाट ठेवलं. दुसरीने नवऱ्याशी बोलायची धडपड केली, आणि तिच्यावर ज्युरी बसली. एकीजवळ राज्य होतं, दुसरीला राहतं घरही सोडावं लागलं होतं. राणीची प्रार्थना मेरीपर्यंत पोचली. पेन्शन काही तिच्याबरोबर पोचलं नाही. सांत्वनाच्या पत्राची हीही एक हद्द आहे. क्रिसोस्टमच्या आईने जे रडून सांगितलं होतं ते आठवतं. न ऐकणारे नोकर, कारस्थानी नातेवाईक, दारातले करवसुलीवाले. देव आधार देईलही, पण या लोकांशी कुणीतरी बोलायला हवं असतं.

म्हणून मला वाटतं, दुखवट्याच्या पत्रात देवाचं नाव असावं की नसावं हा प्रश्नच नाही. वाचणारी श्रद्धाळू असेल तर असावंच. लिंकनने फॅनीला लिहिताना ते टाळलं, राणीने मेरीला लिहिताना घेतलं, आणि दोन्ही पत्रं खरी आहेत. प्रश्न असा, की आपलं पत्र तिला काही द्यायला गेलंय की तिच्याकडून काही घ्यायला? 'तू खंबीर आहेस', 'आता मुलांसाठी जगायचं', 'त्यांचं पुण्य मोठं, म्हणून इतकं शांत मरण आलं'... ही वाक्यं आपण सगळेच लिहितो. ती मायेनेच लिहिलेली असतात. पण यातल्या प्रत्येक वाक्यात बाईला एक काम नेमून दिलेलं असतं. रडू नकोस. सांभाळ. शोभेल असं वाग.

आता पोस्टकार्डं गेली, पाकिटावरचा मायनाही जवळजवळ गेला, आणि ते एक बरंच झालं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी येते आणि तिच्याखाली हात जोडल्याची चित्रं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाच मिनिटांत पन्नास वेळा उमटते. त्यावर टीका करावी असं मला वाटत नाही. आजोबांची तीन वाक्यंही अशीच ठरलेली होती. गप्प राहण्यापेक्षा ठरलेलं वाक्य कधीही बरं, कारण आपण दखल घेतली एवढं तरी त्यातून कळतं.

पण महिन्या-दीड महिन्याने, घरातली माणसं पांगल्यावर, क्रिसोस्टमच्या भाषेत वादळ जरा ओसरल्यावर, एक वेगळं पत्र लिहायला जागा असते. त्यात काका कसे होते त्याची आपल्याला आठवणारी एखादी गोष्ट लिहावी. आपल्यालाही असं काही भोगावं लागलं असेल तर तेवढं सांगावं, आणि नसेल तर उगाच समजल्याचं सोंग आणू नये. तिची श्रद्धा असेल तर तिच्या देवाजवळ तिच्यासाठी मागणं मागावं, तिच्याजवळ काही मागू नये. आणि खाली ताजा कलम म्हणून विचारावं, की बँकेची आणि पेन्शनची कागदपत्रं झाली का, नाहीतर मी येत्या शनिवारी येतो.

आणि वर नाव लिहिताना नुसतं नाव लिहावं. काकू, मावशी, वहिनी, जी काही आपली हाक असेल ती. ती हाक आधी होती तीच असते.